सागाच्या मुलखातील कारखानी लाकूड

२०२३ च्या मार्च महिन्यात बल्लारपूरच्या सरकारी आगारातून सागवानाने भरलेल्या गाड्या अयोध्येच्या वाटेला लागल्या, तेव्हा त्या लाकडाची यथासांग पूजा झाली, शोभायात्रा निघाली, आणि राममंदिराची दारे आपल्या अरण्यातील सागाची होणार याचा अभिमान चंद्रपूर-गडचिरोलीपासून भंडारा-गोंदियापर्यंतच्या सगळ्या झाडीपट्टीने अनुभवला. दिल्लीच्या नव्या संसदभवनातही नागपूरहून गेलेला साग बसला. हे सारे यथायोग्यच झाले. परंतु त्याच सुमारास गोंदिया शहरात, किंवा आमगाव, देवरी, सडक अर्जुनी यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी ज्या गृहस्थाने घर बांधावयास काढले, त्याच्या खोल्यांच्या दारांना, भिंतीतल्या कपाटांना आणि ओट्याखालच्या खणांना जे लाकूड लागले ते बहुतांशी यमुनानगरच्या पॉप्लरचे होते, गांधीधामकडच्या गिरणीतून आलेले होते, अथवा उत्तराखंडात किंवा आंध्रात झाडांचे तंतू काढून, त्यांत राळ मिसळून आणि ते दाबून केलेले होते. ज्या प्रदेशाचे नावच झाडीवरून पडले, त्या प्रदेशातील दार आज शेकडो मैलांवरून तक्त्याच्या रूपाने येते, ही वस्तुस्थिती आहे; आणि तिच्याविषयी केवळ हळहळ व्यक्त करून स्वस्थ बसण्यापेक्षा ती कशी उद्भवली, त्या तक्त्याचा स्वभाव काय आणि त्याच्याशी आपल्या सुताराला कसे वागावे लागते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

निस्तारापासून लिलावापर्यंत

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. पण त्याच्या लाकडाचा इतिहास त्याहून पुष्कळ जुना आहे. मध्य प्रांताच्या अमदानीत हा मुलूख मालगुजारांचा होता. गावचा मालगुजार सरकारात जमाबंदी भरी, आणि गावालगतचे रान, गायरान व तलाव त्याच्या ताब्यात असत. मात्र त्या रानातून घरासाठी मयाल, नांगरासाठी लाकूड, कुंपणासाठी काट्या आणि चुलीसाठी जळण घेण्याचा रयतेचा हक्क 'निस्तार' या नावाने मान्य केलेला होता, आणि कोणत्या गावाची वहिवाट काय आहे ते 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात लिहून ठेवलेले असे. बांधलेले तलाव आणि राखलेले रान या दोन गोष्टींवर येथील गाव उभे होते. त्या व्यवस्थेत जुलूम नव्हता असे कोणी म्हणणार नाही. वेठ होती, मालगुजाराची मर्जी होती. तरीही घर बांधणाऱ्याला दाराचे लाकूड बाजारातून विकत आणावे लागत नसे. ऐन, बिजा, धावडा, शिवण, हळदू यांपैकी कोणते झाड कोणत्या कामास योग्य हे गावच्या वाढईला, म्हणजे सुताराला, पाठ असे, आणि साग कोणाच्या वाट्याला येई व कोणाच्या नाही, हेही सर्वांना ठाऊक असे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि ३१ मार्च १९५१ पासून ती राने सरकारजमा झाली. निस्ताराचा हक्क कागदावर टिकला; व्यवहारात त्याच्या वाटेवर अर्ज, मंजुरी आणि खात्याचा हुकूम येऊन उभे राहिले. पुढे महाराष्ट्रात १९६४ साली वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा झाला. त्यामुळे शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी तो तोडण्यास परवानगी, नेण्यास वाहतुकीचा परवाना आणि प्रत्येक ओंडक्यावर घणाचा शिक्का आवश्यक ठरला. १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन होऊन सागाची पद्धतशीर लागवड सुरू झाली. आगारात थप्प्या लागत, लिलाव पुकारला जाई, आणि ज्याच्या हातात मोठी रक्कम त्याच्या नावावर माल चढे. गावच्या सुताराला एका दारापुरते लाकूड हवे असते. लिलाव मात्र थप्पीचा होतो. ही साधी विसंगती कोणत्याही कायद्याइतकीच परिणामकारक ठरली.

यानंतरचे दोन आघात देशव्यापी होते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले की लाकडावर चालणाऱ्या उद्योगांनी आपला कच्चा माल सरकारी रानातून न मागता शेतकऱ्यांच्या साहाय्याने स्वतः निर्माण करावा. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य-आयोजनेवाचून होणारी तोड देशभर थांबविली आणि ईशान्येकडील अनेक आरागिरण्या व प्लायवुडचे कारखाने बंद पडले. नव्या आरागिरणीला परवाना मिळणेही पुढे दुर्घट झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने तर १९९३ सालीच आपल्या इमारतींतून लाकडाला रजा दिली होती. ती बंदी २०२० साली उठली, परंतु तोवर एक अख्खी पिढी लाकडावाचून बांधकाम करावयास शिकली होती. अरण्य वाचविण्यासाठी हे करणे अवश्य होते, याविषयी दुमत नसावे. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ साली जो व्याघ्रप्रकल्प झाला, त्याच्या कडेने राहणाऱ्या माणसाला रानाची किंमत शहरवासीयाने शिकविण्याची गरज नाही. एवढेच की, रानाचे दार लागले तेव्हा घराच्या दाराला दुसरे काही शोधणे प्राप्त झाले.

तक्त्याची जात आणि कूळ

बाजारात सरसकट 'प्लाय' या एका नावाने जे विकले जाते त्यात निदान पाच निरनिराळ्या वस्तू असतात, आणि ग्राहकाची पहिली फसगत येथेच होते.

प्लायवुड हे त्यांतले सर्वांत जुने. ओंडका यंत्रावर फिरवून त्याची कागदासारखी साल काढावयाची, आणि एका थराचा रेषा उभा तर पुढच्याचा आडवा असे थर सरसाने चिकटवून दाबावयाचे. भारतात हा धंदा आसामात चहाच्या पेट्यांच्या निमित्ताने रुजला. १९४५ साली केरळात कण्णूरजवळ बलियापट्टम येथे मोठा कारखाना निघाला. १९९६ नंतर या धंद्याचे केंद्र हरियाणात यमुनानगराकडे सरकले, कारण तेथील शेतकरी गव्हाच्या बांधावर पॉप्लर लावू लागला होता, आणि ते झाड सहा-सात वर्षांत तोडणीला येते. सागाला जेथे पिढी लागते, तेथे पॉप्लरला मुलाच्या प्राथमिक शाळेइतका काळ पुरतो. पूर्वी उंची प्लायसाठी ब्रह्मदेशातून गर्जनाचे लाकूड येई. १ एप्रिल २०१४ पासून त्या देशाने गोल लाकडाची निर्यात बंद केली, आणि तेव्हापासून गर्जनाचे नाव जितके ऐकू येते तितके ते लाकूड दिसत नाही.

दुसरा प्रकार ब्लॉकबोर्डाचा: मध्ये लाकडी पट्ट्या शेजारी शेजारी रचलेल्या आणि वरखाली साल चिकटविलेली. भरीव फ्लश दार हे त्याचेच भावंड. तिसरा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाच्या ढलप्या राळेत मळून दाबलेला तक्ता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत मॅक्स हिमेलहेबर याच्या प्रयत्नाने तो कारखान्यात उतरला, कारण युद्धग्रस्त देशाला ओंडक्याचा निम्मा भाग चुलीत घालणे परवडत नव्हते. चौथा एमडीएफ. त्याचा पूर्वज अमेरिकेतील विल्यम मेसन याने १९२४ साली शोधलेला हार्डबोर्ड. एमडीएफसाठी लाकडाचे तुकडे वाफेवर मऊ करून दोन दातेरी चकत्यांमध्ये भरडले की त्यांचे कापसासारखे तंतू सुटतात. त्यांत राळ आणि थोडे मेण मिसळून, वाळवून, प्रचंड दाबाखाली तापविले की सर्व अंगांनी एकसारखा, गाठ नसलेला, रेषा नसलेला तक्ता तयार होतो. ओडिशातील नवरंगपूरला तो करण्याचा उद्योग फार पूर्वी सुरू झाला होता. आज उत्तराखंडातील आणि आंध्रातील मोठ्या कारखान्यांतून तो देशभर जातो. पाचवा प्रकार लाकडाचा भुगा व पीव्हीसी एकत्र वितळवून केलेला डब्ल्यूपीसी. अलीकडे न्हाणीघराच्या चौकटी बहुधा याच्याच असतात.

या पाचांना एकाच रंगाचा सनमायका लावला की ती सारी एकसारखी दिसतात. भेद कळतो तो कडेला, आणि कड झाकण्याचाच हल्ली रिवाज आहे.

कारखान्यात

गोंदियाची हवा लाकडाची कसोटी पाहणारी आहे. नवतपाच्या ऐन उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा उरत नाही. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत असा पाऊस सुरू होतो की घरातल्या मिठालाही पाणी सुटते. कच्चा साग पूर्ण सुकताना वर्तुळाच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आक्रसतो. दुसऱ्या पुष्कळ झाडांच्या मानाने हे आकुंचन थोडे आहे, आणि सागाच्या प्रतिष्ठेचे अर्धे रहस्य यातच आहे. तरी फूटभर रुंदीची फळी वैशाख आणि श्रावण यांच्या दरम्यान काही मिलिमीटर हलतेच. जुन्या सुताराची सारी विद्या या हालचालीला वाट करून देण्याची विद्या होती. चौकटीच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांना कुसू काढून ते दुसऱ्याच्या भोकात पाचर मारून बसवावयाचे, पण मधली फळी मात्र खाचेत मोकळी ठेवावयाची. तिला सरस लावावयाचा नाही, खिळा मारावयाचा नाही. खिळा मारला तर पहिल्याच उन्हाळ्यात फळी तडकून आवाज करते.

एमडीएफला ही हालचाल जवळजवळ नाही. लांबीरुंदीत तो हवामानाने फारसा बदलत नाही, आणि म्हणूनच त्यावर रंग काचेसारखा बसतो, राउटरने काढलेली नक्षी कोठेही ढलपी न उडता उठते, आणि रेषा कोणत्या बाजूला धावते याचा विचार न करता तुकडा आडवा किंवा उभा कसाही कापता येतो. परंतु जे गुण तेच दोष. ज्याला रेषा नाही त्याला रेषेचे बळही नाही. समान जाडीची सागाची फळी एमडीएफच्या सुमारे चौपट ताठ असते. शिवाय दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले की त्याच एकूण वजनाखाली फळीचा झोल दुप्पट न होता आठपट होतो, हा गणिताचा नियम कोणत्याही तक्त्याला चुकत नाही. १८ मिलिमीटरच्या एमडीएफचा कप्पा पुस्तकांसाठी दोन फुटांपेक्षा लांब ठेवू नये असे जे जाणता कारागीर सांगतो त्याचे कारण हे आहे. आणि लांब ठेवावाच लागला तर पुढच्या कडेला तो इंच-दीड इंचाची सागवानी पट्टी उभी चिकटवितो, त्यामुळे कड झाकली जाते आणि कप्पाही तोलून धरला जातो. जुन्या आणि नव्या लाकडाचा हा समेट पाहण्यासारखा असतो.

सुताराच्या कारखान्यात थोडा वेळ उभे राहिले की ध्यानात येते की त्याचे निम्मे काम आता करवतीच्या आधी, कागदावर, होते. तक्ता आठ फूट बाय चार फुटांचा येतो. १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ असेल तर त्याचे वजन चाळीस किलोच्या घरात भरते आणि तो एकट्याने उचलून यंत्रावर ठेवणे कमरेला मानवत नाही. आता कपाटाची खोली दोन फूट धरली, तर चार फुटांच्या तक्त्यातून दोन पट्ट्या बरोबर निघाव्यात असे नवशिक्याला वाटते. पण पात्याची जाडी तीन मिलिमीटर, तेवढा भाग भुसा होऊन जातो, आणि दुसरी पट्टी तेवढीच अपुरी पडते. म्हणून अनुभवी माणूस खोली पावणेचोवीस इंच धरतो. हा पाव इंच ज्याने आधी वजा केला त्याचा तक्ता पुरतो. ज्याने केला नाही त्याला आणखी एक तक्ता विकत आणावा लागतो, आणि मजुरीतला नफा तेथेच संपतो. वाकस आणि रंधा चालविणाऱ्या हाताला हा हिशेब नवा होता. तो त्याने कोणत्याही शाळेत न जाता आत्मसात केला, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

पाते खाली उतरते तेव्हा एमडीएफचा आवाज लाकडासारखा चढउतार करीत नाही. एका सुरात तो कापला जातो, आणि पिठासारखी तपकिरी धूळ उठून खिडकीच्या गजांवर, चहाच्या पेल्यात, पापण्यांवर बसते. साध्या पोलादाच्या पात्याची धार त्यातील कठीण राळेने लवकर मरते, म्हणून टंगस्टन कार्बाइडचे दात लावलेले पाते वापरावे लागते. सनमायका लावलेला तक्ता असेल तर मुख्य पात्याच्या पुढे एक लहान पाते उलट दिशेने फिरून खालच्या अंगाला बारीक रेघ मारून ठेवते, नाहीतर खालची कड कुरतडल्यासारखी होते. स्क्रू पृष्ठभागावर चांगला धरतो. कडेत मात्र आधी योग्य मापाचे भोक पाडल्यावाचून तो फिरविला तर तक्ता पुस्तकाच्या पानांसारखा उकलतो. पार्टिकल बोर्डाच्या कडेला तर त्याहून जपावे लागते. तेथे एकदा निघालेला स्क्रू पुन्हा त्याच भोकात बसत नाही. कुसू-भोकाचा जोड या तक्त्यांत निरर्थक आहे. त्याच्या जागी लाकडी खुंट्या, सरस, आणि फिरवून आवळण्याच्या लोखंडी कळा आल्या आहेत. १९५९ साली बाजारात आलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलने शिरसाची हंडी सुताराच्या चुलीवरून कायमची उतरविली, तेव्हा या बदलाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.

आणि शेवटी पाणी. पार्टिकल बोर्डाचा तुकडा रात्रभर पाण्याच्या वाटीत ठेवून सकाळी पाहावा: तो फुगून बराच जाड झालेला असतो आणि उन्हात ठेवला तरी मूळ रूपावर येत नाही. साध्या एमडीएफची गत थोड्या सावकाशीने तीच होते. याच्या उलट, आयएस ७१० या मानकाचे प्लायवुड ७२ तास उकळत्या पाण्यात राहूनही थर सोडता कामा नये अशी अट आहे. गोंदियाच्या घरात ओट्याखाली पार्टिकल बोर्ड बसविणे म्हणजे नळ गळण्याची तारीख ठरवून ठेवणे होय. डब्ल्यूपीसीला पाण्याची आणि उधईची भीती नाही. पण त्यातले पीव्हीसी उन्हाने प्रसरण पावते आणि मऊ पडते, त्यामुळे पश्चिमेच्या कडक उन्हात त्याचे लांबरुंद दार वाकण्याचा संभव असतो. न्हाणीघरात जे निर्दोष, ते अंगणाच्या दाराला सदोष. प्रत्येक तक्त्याला त्याचे योग्य स्थान आहे, आणि स्थान चुकले की दोष तक्त्याच्या माथी बसतो.

शिक्का, राळ आणि धूळ

तक्त्यातले लाकूड कोणते याइतकाच महत्त्वाचा प्रश्न त्यातली राळ कोणती हा आहे. युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांची राळ स्वस्त, पांढरट आणि ओलाव्याला हळवी. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांची राळ महाग, काळसर आणि उकळत्या पाण्याला पुरून उरणारी. पहिल्या प्रकारातून फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्‌महिने थोडाथोडा सुटत राहतो. नवे कपाट उघडताच डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. लाकडाची धूळ त्या वर्गात १९९५ पासूनच आहे. म्हणून तक्त्यावर ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची खूण आहे की नाही हे पाहणे, नव्या कपाटाची दारे काही दिवस उघडी ठेवणे आणि तक्त्याची उघडी राहिलेली प्रत्येक कड पट्टीने बंद करणे, ही चैन नव्हे.

सामान्य कामाच्या प्लायवुडला आयएस ३०३, फ्लश दाराला आयएस २२०२, एमडीएफला आयएस १२४०६ आणि पार्टिकल बोर्डाला आयएस ३०८७ अशी मानके आहेत. २०२४ साली केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश काढून हा शिक्का सक्तीचा करण्याचे पाऊल टाकले. पण शिक्का तक्त्याच्या पाठीवर असतो, आणि पाठ भिंतीला लागते. ग्राहकाने माल उतरतानाच तो पाहिला नाही तर पुढे कोणाला विचारणार? कारागिराच्या फुफ्फुसांसाठी तर कोणताच शिक्का नाही. धूळ ओढून घेणारे यंत्र मोठ्या कारखान्यात असते. एका खोलीच्या दुकानात तोंडाला बांधलेला गमछा हेच साधन असते, आणि एवढी बारीक धूळ गमछ्यातून सहज आत जाते.

लवकर वाढणारे लाकूड टिकाऊ कसे करावे, या प्रश्नाची जगात इतरत्र वेगळी उत्तरे शोधली गेली आहेत. नेदरलंड्समध्ये आर्नेम येथे २००७ पासून पाइनच्या साध्या लाकडावर ॲसेटिक ॲनहायड्राइडची प्रक्रिया करून ॲकोया नावाचे लाकूड करतात. लाकडाच्या तंतूंत पाणी ज्या रासायनिक गटांना धरून बसते ते गटच या प्रक्रियेने बदलून जातात, त्यामुळे लाकूड फुगत नाही, आटत नाही, आणि बुरशीला ते खाद्य वाटत नाही. जमिनीच्या वर बसविल्यास पन्नास वर्षांची हमी कंपनी देते. सहा-सात वर्षांच्या पॉप्लरला नाही तरी लवकर वाढणाऱ्या पाइनला सागाचे आयुष्य देण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र त्यातील अवशिष्ट आम्लामुळे साधा लोखंडी खिळा गंजतो, म्हणून खिळे-बिजागऱ्या गंजरहित पोलादाच्या लागतात. प्रत्येक नवे लाकूड सुताराकडून नवे नियम वसूल करते, हा अनुभव तिकडेही चुकलेला नाही.

तूस, बांबू आणि आपला जिल्हा

येथवर जे पाहिले त्यात गोंदियाची भूमिका गिऱ्हाइकाची आहे. ती तेवढीच असावी काय? हा धानाचा जिल्हा. भातगिरणीत शंभर किलो धान गेले की सुमारे वीस किलो तूस बाहेर पडते. त्यातील पुष्कळसे उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरमध्ये आणि विटांच्या भट्ट्यांत जळते. याच तुसापासून तक्ते करण्याची रीत १९६२ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारतीय प्लायवुड उद्योग संशोधन व प्रशिक्षण संस्थेने सिद्ध करून दाखविलेली आहे. मग तो उद्योग भातगिरण्यांच्या दारात का उभा राहू नये?

उत्तर भावनेपेक्षा पदार्थविज्ञानात आहे. तुसाच्या वजनात पंधरा-वीस टक्के सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, असते; ते पात्याची धार खाऊन टाकते. तुसाचे बाहेरचे अंग गुळगुळीत आणि मेणचट असल्याने राळ त्याला सहजासहजी धरत नाही, म्हणून राळ अधिक लागते, आणि तक्त्याच्या खर्चात राळेचाच वाटा मोठा असतो. तूस इतके हलके की गाडी भरते पण वजन भरत नाही. सबब कारखाना गिरण्यांच्या जवळच हवा. आणि जे पूर्वी फुकट मिळे त्याला आता बॉयलरवाले भाव देतात. गुण एवढा की सिलिकेमुळे असा तक्ता उधईला रुचत नाही आणि लवकर पेट घेत नाही. झाडीपट्टीत हा गुण किरकोळ म्हणता येणार नाही.

बांबूचे गणित याहून आशादायक आहे. जिल्ह्यातल्या बुरडांचे हात तट्टे, सुपे, टोपल्या विणण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत. अशाच विणलेल्या तट्ट्यांना फिनॉलची राळ पाजून, एकावर एक रचून, दाबून केलेला बांबू-मॅट बोर्ड हा आयएस १३९५८ या मानकाचा मान्य तक्ता आहे, आणि तो पाण्यातही टिकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. २०११ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक प्रत्यक्ष हाती मिळाले. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या जमिनीवरील बांबू 'झाड' या व्याख्येतून सुटला. म्हणजे कायद्याची अडचण पुष्कळशी दूर झाली. उरली ती दाबयंत्राच्या भांडवलाची, राळेच्या पुरवठ्याची आणि ठरावीक मापाचा, ठरावीक ओलाव्याचा तट्टा रोज पुरविण्याच्या शिस्तीची. विणकर एका गावात, दाबयंत्र दुसऱ्या गावात आणि ग्राहक तिसऱ्या गावात, अशी साखळी एखाद्या ग्रामसभेच्या संघाने किंवा सहकारी संस्थेने बांधली तर ती चालेल. एकट्या बुरडाच्या अंगणात ती चालणार नाही. ज्यांनी या जिल्ह्यात तलावाचे पाणी वाटण्याची व्यवस्था शतकानुशतके चालविली, त्यांना हे अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही.

निवाडा

कारखानी लाकूड खोटे आणि साग खरा, असा निवाडा देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. ज्या पॉप्लरच्या शेतामुळे येथील घराला परवडणारे दार मिळते, त्या शेतामुळे नागझिऱ्याच्या कडेचे एखादे झाडही उभे राहत असेल. साग शंभर वर्षे टिकतो हे खरे. पण सर्वच कपाटांना शंभर वर्षे टिकण्याची गरज नसते. चूक होते ती हा तक्ता सागासारखा वागेल असे गृहीत धरण्यात, आणि स्वस्तात स्वस्त तक्ता घेऊन त्याची पाठ भिंतीला लावून विसरून जाण्यात.

तेव्हा यंदा घर बांधणाऱ्या वाचकाने एवढे करावे: बाहेरच्या दाराला जमेल तर साग किंवा बिजा वापरावा, आणि तो रीतसर परवान्याचा असावा, ओट्याखाली व न्हाणीघराजवळ आयएस ७१० चे प्लायवुड किंवा डब्ल्यूपीसी, कोरड्या खोलीतल्या कपाटाला, रंग चढवावयाचा असल्यास, कडा बंद केलेला ई-१ चा एमडीएफ, आणि पार्टिकल बोर्ड जेथे कधीच पाणी पोचणार नाही तेथेच. माल उतरताना शिक्का पाहावा आणि पक्की पावती घ्यावी. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सुतारकामाच्या अभ्यासक्रमात कुसू-भोकाबरोबरच तक्त्याचा हिशेब, कडेचा स्क्रू आणि धुळीपासून बचाव हे विषय तितक्याच गांभीर्याने शिकवावेत. आणि सुताराची मजुरी ठरविताना त्याने कागदावर वाचविलेल्या तक्त्याचीही किंमत धरावी, कारण सागाच्या काळात तो जेवढा कुशल होता तेवढाच तो आजही आहे.